पाणी नितळ दिसतंय म्हणून मासे सोडू नका

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या गल्लीत एका घरी वास्तुशांत झाली. पाहुण्यांपैकी कुणीतरी दोन फुटी फिश टँक आहेर म्हणून आणला होता, खाली रंगीत खडे, मागं समुद्राचं चित्र, आठ गोल्डफिश आणि वास्तूला चांगला म्हणून एक काळा मासा. सकाळी टाकी आली, दुपारी नळाचं पाणी भरलं, संध्याकाळी मासे सोडले. पंगती उठेपर्यंत गल्लीतली सगळी पोरं त्या काचेला नाक लावून उभी. सहाव्या दिवशी काळा धरून पाच मासे गेले. मी बघायला गेलो तर घरातल्या आजी म्हणाल्या, "जाऊ दे रे बाबा, घरावर काहीतरी येणार होतं, ते माशांनी आपल्यावर घेतलं."

त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहायला बसलोय. आजींच्या श्रद्धेला धक्का लावायचा नाही, वय ऐंशीच्या घरात, त्यांनी मनापासूनच म्हटलं. पण हेच वाक्य तीन वर्षांपूर्वी मी माझ्या मुलीला ऐकवलं होतं, आणि ते चूक होतं हे मला नंतर कळलं. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर कुठंही जा, मासा मेला की हेच ऐकायला मिळतं, आणि एकदा असं म्हटलं की मासा का मेला हे कुणी विचारतच नाही, पुढच्या रविवारी त्याच टाकीत नवीन मासे येतात आणि ते पण मरतात.

माझं सांगतो. मुलगी तेव्हा चौथीत, नोव्हेंबरात तिचा वाढदिवस, तिला फिश टँक पाहिजे होता. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे पन्नासेक लिटर पाणी. दुकानदाराला मी विचारलं होतं, मासे आजच सोडले तर चालतात का, तर तो म्हणाला, "एन आगूदिल्ल री, थोडं औषध टाका की झालं." काही होत नाही म्हणे. सहा गोल्डफिश आणले, मुलीनं वहीत प्रत्येकाचं नाव लिहिलं. चौथ्या दिवशी एक वर येऊन तोंड उघडून हवा घेत राहिला, कल्ले लालभडक. दुसऱ्या दिवशी तो गेला. मला वाटलं पाणी घाण झालं असणार, म्हणून सगळं पाणी काढलं, खडे धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला, नवीन पाणी भरलं. नवव्या दिवशी सहाही गेले. पोरगी रडायला लागली तेव्हा मी तिला ते संकटाचं सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, संकट आपलं होतं तर माशांनी का घ्यायचं?" मला उत्तर देता आलं नाही.

मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. आमच्याकडं कास्टिंग वरून चकाचक दिसलं तरी पास होत नाही, आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, असू शकतो, म्हणून चेक करायचं, रीडिंग घ्यायचं, मगच माल बाहेर. आणि घरी मात्र मी पाणी नितळ दिसतंय एवढ्यावर सहा जीव आत सोडले होते. हे मनाला फार लागलं, मग मी याच्या मागं लागलो, वाचलं, शहापुरात तीस-पस्तीस वर्षं मासे पाळणारे एक काका आहेत त्यांच्याकडं जाऊन बसलो. त्यांनी जे सांगितलं ते आपल्याकडच्या शेतकऱ्याला चटकन कळेल असं आहे.

ताजं शेण उसाच्या बुडात घातलं तर काय होतं? पीक करपतं. म्हणून आपण शेण उकिरड्यात कुजवतो, महिने जाऊ देतो, मग ते खत होतं. टाकीत पण तसंच आहे. मासा जे खातो ते त्याच्या अंगात पचताना अमोनिया नावाचं विष तयार होतं, ते तो बहुतेक कल्ल्यांतूनच पाण्यात सोडत असतो, रात्रंदिवस, शिवाय त्याची विष्ठा आणि तळाला उरलेलं खाद्य कुजून त्यात भर. नदीत, तळ्यात पाणी अफाट, दगड-चिखलात जिवाणू भरलेले, तिथं हे पचून जातं. पन्नास लिटरच्या नव्या कोऱ्या काचेत ते पचवणारं कुणीच नसतं. अमोनियाला रंग नाही, एवढ्या थोड्या प्रमाणात वास पण येत नाही, पाणी आरशासारखं दिसतं आणि आत माशाचे कल्ले जळत असतात.

हे पचवणारे जिवाणू दोन प्रकारचे. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइट हे पण विषच, ते माशाच्या रक्तात शिरून रक्त तपकिरी करतं, मग त्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही आणि पाण्यात भरपूर हवा असूनही मासा गुदमरतो. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते त्या मानानं बरंच सौम्य, आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. शेतात युरिया टाकल्यावर मातीत जे घडतं ते पण याच वाटेनं जातं. १८९० च्या सुमाराला विनोग्राड्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं हे जिवाणू वेगळे काढून दाखवले, म्हणजे गोष्ट काही नवीन नाही, आपल्या दुकानांपर्यंत तेवढी पोचली नाही.

आता मुद्दा असा की हे जिवाणू पाण्यात पोहत बसत नाहीत, ते स्पंजला, खड्यांना, काचेला चिकटून राहतात. आणि वाढतात फार सावकाश. दूध नासवणारे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होत असतील तर यांना दुप्पट व्हायला जवळजवळ दिवस लागतो. म्हणून चार ते सहा आठवडे, कधी आठ. काका म्हणाले, "दूध तापवून ठेवलं म्हणून दही होतंय का? विरजण लागतंय, आणि थंडीत भांडं गुंडाळून ठेवायला लागतंय." आपल्या बेळगावची थंडी तुम्हाला माहितीच आहे, डिसेंबर-जानेवारीत पाणी गार पडलं की हे जिवाणू पण गारठून बसतात, २५ ते २८ डिग्रीला जे काम महिन्यात होतं ते रखडतं. मी छोटा हीटर लावून २६ ठेवलं. पाण्याचा पीएच (पाणी किती आंबट हे सांगणारा आकडा, सात म्हणजे मधला) साडेसहाच्या खाली गेला तरी ते मंदावतात, सहाच्या खाली तर जवळपास ठप्प.

आणि जिवाणूंना वाढायला खायला पाहिजे. नुसती टाकी भरून महिनाभर फिल्टर चालवत ठेवली तर काहीच होत नाही, ही चूक खूप जण करतात, "आम्ही पंधरा दिवस थांबलो होतो ओ" म्हणतात, पण त्या पंधरा दिवसांत जिवाणूंना अमोनिया कुठून मिळणार? तो आपण द्यायचा, मासा न सोडता. साधा मार्ग म्हणजे रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं, ते कुजून अमोनिया होतो, किंवा बाजारातनं एक कोळंबी आणून जाळीच्या कापडात बांधून टाकीत सोडायची. वास मारतो, घरातली माणसं बोलतात, पण चालतं. मी नवसागर वापरला. हो, पूर्वी दारावर कल्हईवाले यायचे, भांडं तापवून त्यात जे टाकलं की पांढरा धूर निघायचा, तोच. तो म्हणजे अमोनियम क्लोराइड. पण बाजारातल्या ढेकळात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही, म्हणून लॅबला केमिकल देणाऱ्या दुकानातून शुद्ध घेतला. पन्नास लिटर पाण्यात एक तृतीयांश ग्रॅमला थोडा कमी टाकला की अमोनिया २ पीपीएमच्या (लिटरमागं दोन मिलीग्रॅमच्या) आसपास येतो. एवढं बारीक वजन घरात कुठं होणार, ओळखीच्या सोनाराकडं काट्यावर पुड्या करून आणल्या.

टेस्ट किटबद्दल मुद्दाम लिहितो, कारण तयार टाकी ओळखायची खूण तिच्यातच आहे. थेंबांची किट मिळते, छोट्या काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे आणि रंग तक्त्याशी लावून बघायचा. माझ्याकडच्या किटमध्ये अमोनिया नसेल तर पिवळा राहतो, असेल तर हिरवा होत जातो. नायट्राइट नसेल तर आकाशी, असेल तर जांभळा. नायट्रेट पिवळ्यावरून नारिंगी, मग लाल. नायट्रेटची दुसरी बाटली जोरात हलवून घ्यायची, नाहीतर रीडिंग खोटं येतं. किटला पैसे जातात हे खरं, पण वर्षभरात मेलेल्या माशांचे पैसे मोजले तर किट स्वस्त पडते, आणि चार घरं मिळून एक घेतली तरी पुरते.

माझ्या वहीतलं लिहितो (मुलीची तीच वही, नावांच्या पुढच्या पानावर रीडिंग लिहायला लागलो). डिसेंबरात सुरुवात, अमोनिया २. नऊ दिवस सुईभर हललं नाही, मला वाटलं आपलं काहीतरी चुकतंय. बाराव्या दिवशी अमोनिया उतरायला लागला आणि पहिल्यांदा जांभळी छटा दिसली. मग अमोनिया आज टाकला की परवापर्यंत शून्य, पण नायट्राइट गडद जांभळा, विसाव्या दिवशी पण तोच, अठ्ठाविसाव्या दिवशी पण तोच. इथंच माणसं फसतात, अमोनिया शून्य झाला बघून मासे सोडतात. चौतिसाव्या दिवशी तो जांभळा फिका पडला आणि अडतिसाव्या दिवशी आकाशी. त्या संध्याकाळी परत २ पीपीएम टाकला, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तपासलं तर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट वर चढलेलं. खात्रीसाठी अजून एकदा तेच केलं, तेच आलं.

तर टाकी तयार झाली हे असं कळतं. टाकलेला अमोनिया चोवीस तासांत संपला पाहिजे आणि नायट्राइट पण शून्य पाहिजे. पाणी नितळ दिसणं, पंधरा दिवस होऊन जाणं, दुकानदाराचा शब्द, काचेवर तपकिरी शेवाळ धरणं, यातलं कुठलंच पुरेसं नाही. मध्ये पाणी दुधासारखं ढवळं होतं तेव्हा पण घाबरून टाकी धुवायची नाही, ते आपोआप बसतं. बाटलीत जिवाणू विकत मिळतात, त्यातले काही उपयोगी असतात, काही बाटलीतच मेलेले असतात, ते पण टेस्टच सांगणार.

लवकर करायचं असेल तर एक मार्ग आहे आणि तो फुकट आहे. कुणाच्या तरी जुन्या, निरोगी टाकीतल्या फिल्टरचा स्पंजचा तुकडा आणायचा, ओलाच, त्या टाकीच्याच पाण्यात बुडवून, आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवायचा. विरजण लावल्यासारखंच. जुन्या टाकीचं नुसतं पाणी आणून फार उपयोग होत नाही, कारण जिवाणू पाण्यात नसतातच. शहापूर, टिळकवाडी, वडगाव, कॅम्प, सगळीकडं मासे पाळणारे आहेत, विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही. गेल्या दोन वर्षांत माझ्या फिल्टरचा तुकडा सात घरांत गेलाय, तिथं दहा-बारा दिवसांत टाक्या तयार झाल्या, अर्थात टेस्ट करूनच मासे सोडले.

मासे सोडायच्या आधी निम्म्याहून जास्त पाणी बदलायचं, साठलेलं नायट्रेट निघून जातं. आणि एकदम दहा मासे नाहीत, आधी तीन-चार. मी चार झेब्रा, म्हणजे ते पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे, सोडले. पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवायची, मग थोडं थोडं पाणी मिसळत. दोन-तीन आठवड्यांनी पुढचे. गोल्डफिशचं तर मी सांगेन दोन फुटी टाकीत नकोच, तो खातो फार, घाण करतो फार, वाढतो फार. त्या गोल काचेच्या भांड्यात तर कुठलाच मासा नको.

पाण्याचं आपल्याकडं वेगळंच. राकसकोप आणि हिडकल धरणांचं नळाचं पाणी म्हटलं की त्यात क्लोरीन आलं, आपल्यासाठी ते चांगलं, पण माशाच्या कल्ल्यांना आणि त्या जिवाणूंना दोघांनाही घातक. बादली दिवसभर उघडी ठेवली की साधं क्लोरीन उडून जातं, घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब टाकायचे. ज्यांच्याकडं बोअर आहे त्यांना क्लोरीनचा प्रश्न नाही, पण पाणी जड असतं, आमच्याच बोअरच्या पाण्यानं भांड्याला पांढरा थर चढतो, आणि अशा पाण्याचा पीएच चढा असेल तर तोच अमोनिया जास्त जहाल होतो. पीएच ७ वरून ८ झाला तर त्यातला विषारी भाग जवळजवळ नऊ पट वाढतो. म्हणून शेजाऱ्याकडं चाललं ते आपल्याकडं चालेलच असं नाही.

दोन सवयी सोडायलाच पाहिजेत. एक म्हणजे रात्री फिल्टर बंद करणं. आवाज येतो म्हणून, बिल येतं म्हणून. पाच वॅटचा फिल्टर महिनाभर अखंड चालला तरी साडेतीन युनिटच्या जरा वर जातो, त्यासाठी रोज रात्री स्पंजमधल्या जिवाणूंची हवा तोडायची? पावसाळ्यात वीज जाते तेव्हा तर आपल्या हातात नसतं, त्यासाठी बॅटरीवरचा छोटा एअर पंप घरात असावा. दुसरी सवय म्हणजे स्पंज नळाखाली चोळून धुणं, जी मी केली. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच हलका पिळायचा, तो तपकिरी दिसला तर दिसू दे.

ज्यांच्या घरी आधीच नव्या टाकीत मासे सोडलेत त्यांनी हे वाचून टाकी रिकामी करू नये. रोज पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, क्लोरीन काढलेलं. खाद्य एक दिवसाआड, चिमटीत बसेल एवढंच. नवीन मासा एकही आणू नका. नायट्राइट चढलं तर साधं बिनआयोडीनचं मीठ थोडं घातल्यानं माशाच्या अंगात नायट्राइट शिरणं कमी होतं, पण झाडं लावलेली असतील किंवा मीठ न मानवणारे मासे असतील तर आधी जाणकाराला विचारा.

आता दुकानदार बंधूंना विनंती, कारण खरी किल्ली तुमच्याच हातात आहे. टाकी आणि मासे एकाच दिवशी विकू नका. टाकी, फिल्टर, किट आज द्या, माशांचे पैसे ॲडव्हान्स घ्या, पावतीवर महिन्यानंतरची तारीख टाका, आणि सांगा की पाण्याचं सँपल बाटलीत घेऊन या, आम्ही टेस्ट करून देतो, मग मासे न्या. गिऱ्हाईक कुठं जात नाही. उलट ज्याचे मासे जगतात तोच परत येऊन झाडं नेतो, मोठी टाकी नेतो, मित्राला घेऊन येतो, ज्याचे दोनदा मेले तो टाकी माळ्यावर टाकतो.

आणि संपादक साहेब, आता परीक्षा संपल्यात, सुट्ट्या लागल्यात, पोरं आईबापांकडं हट्ट धरणार, वास्तुशांती आणि लग्नसराई पण आहेच, तर आहेरात टाकी द्यायचीच असेल तर मासे न घालता द्या एवढी एक ओळ तरी तुमच्या पेपरात ठळक छापा. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं आणि क्लोरीनचं प्रमाण वाढवलं जातं तेव्हा पाणी सोडणाऱ्यांनी तुमच्या पेपरातून आधी कळवलं तर मासे पाळणाऱ्यांना त्याचा फार उपयोग होईल.

त्या वास्तुशांतीच्या घरातले चार गोल्डफिश अजून आहेत. सहाव्या दिवसापासून मी किट घेऊन रोज संध्याकाळी जातो, माझ्या फिल्टरचा तुकडा त्यांच्या स्पंजला बांधलाय, मुलगी रीडिंग लिहिते. आजी बादलीत पाणी काढून ठेवतात, आदल्या दिवशीच, क्लोरीन उडायला. काल नायट्राइट जांभळ्यावरून फिकट जांभळ्यावर आलं. आजींनी नळी हातात घेऊन उजेडात धरली आणि विचारलं, अजून किती दिवस, मी म्हटलं आठवडाभर तरी, तर म्हणाल्या बरं, उद्याचं पाणी मी भरून ठेवते.

आपला,
एक वाचक,
अनगोळ, बेळगाव